स्वानुभवाचं नमुना उत्तर

आधी जमेची बाजू मांडू. नवा अभ्यासक्रम मंजूर झाला, तर टाचणबाईंना मिळणार होतं ते असं: विभागातलं एक कपाट, कुलपासकट. दारावरच्या पाटीत खालून दुसरी ओळ. सुट्टी लागली की 'पुढच्या वर्षी घेतील का?' हा घोर न लागता नुसतीच सुट्टी. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे अकरा वर्षं मागे लागलेला 'तात्पुरत्या' हा शब्द एकदाचा सुटणं. स्टाफरूममध्ये पाहुणा आला की कुणीतरी ओळख करून द्यायचं, "या आमच्या मॅडम, तात्पुरत्या आहेत," आणि पाहुणा त्यांच्याकडे असा बघायचा, जणू त्या चहा संपेपर्यंतच टिकणार आहेत.

जाणारी बाजू बाईंनी मांडली नव्हती. ती सहसा कुणी मांडत नाही.

टाचणबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. टाचण काढल्याशिवाय त्या कधी तासाला गेल्या नाहीत, आणि विनोद कुठे करायचा तेही त्यांच्या टाचणाच्या समासात लिहिलेलं असतं, हे पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा बाईला विभागप्रमुखांनी एके दिवशी बोलावून सांगितलं, "पहिल्या वर्षाला 'साहित्य आणि लेखन : ओळख' असा नवा विषय आणायचाय. तुम्ही आखा. जो आखेल तो शिकवेल, आणि जो शिकवेल त्याला कायम करावंच लागेल. तसा नियम आहे."

प्रमुखांचंही त्यात होतंच काहीतरी. दोन वर्षांत ते निवृत्त व्हायचे होते, आणि तीस वर्षांत त्यांच्या सहीनं निघालेली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट म्हणजे 'व्हरांड्यात सायकली लावू नयेत' ही सूचना.

त्या दिवसापासून बाईंची बूड टेकवून बसण्याची सवय गेली. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी पंधरा आठवड्यांच्या पंधरा चिठ्ठ्या मांडल्या. कथा चार आठवडे, कविता तीन, नाटक दोन. मग कविता उचलून कथेच्या आधी. मग परत मागे, कारण पहिल्याच आठवड्यात कविता दिली तर निम्मी मुलं इतिहासाला पळतात. भाजी फोडणीला टाकून त्या चिठ्ठी हलवायला यायच्या, आणि चिठ्ठी हलवताना भाजी लागायची. महिनाभर त्या करपलेलं जेवल्या आणि त्याला मसुदा म्हणाल्या.

समितीत तिघं होते. प्रमुख, बाई आणि अर्जसर. अर्जसरांचा जन्मभराचा विषय व्यावहारिक लेखन. अर्ज, पत्र, निवेदन. त्यांच्या घरी म्हणे मुलगाही सहलीची परवानगी लेखी मागतो.

"पोरांना रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही," पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "आणि तुम्ही त्यांना कविता वाचायला लावणार. कविता वाचून रजा मिळते का?"

"नाही," प्रमुख म्हणाले, "पण कविता वाचून रजा घ्यावीशी वाटते."

अर्जसर हसले नाहीत. त्यांनी दोन आठवडे मागितले. बाईंनी नाटकातला एक आणि कवितेतला एक असे काढून दिले. त्या बदल्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, सगळ्या खटाटोपात त्यांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच होती: पहिला आठवडा स्वानुभवाचा. मुलानं पुस्तक उघडायच्या आधी स्वतःच्या घरातली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट एका पानात लिहायची. जसं झालं तसं.

"मंजूर," प्रमुख म्हणाले. "फक्त नमुना उत्तर जोडा."

"कशाचं?"

"स्वानुभवाचं. परीक्षा विभागाचा नियम आहे ना. प्रत्येक प्रश्नाला नमुना उत्तर आणि गुणांची विभागणी. त्याशिवाय फाइल विद्यापीठात घेतच नाहीत."

"अहो सर, अनुभव ज्याचा त्याचा. त्याचं नमुना उत्तर कसं असेल?"

"असायला हवं," अर्जसर म्हणाले. "तपासणाऱ्याला कसं कळायचं, अनुभव बरोबर आहे की चूक?"

यावर तिघांपैकी कुणीही हसलं नाही, हे नोंदवून ठेवतो. गुण ठरले: सुरुवातीला दोन, बारकाव्यांना तीन, भाषेला तीन, शेवटाला दोन. एकूण दहा.

रविवारी दुपारी बाई नमुना उत्तर लिहायला बसल्या. म्हणजे उठल्या, बसल्या, उठल्या. सायकल शिकताना पडल्याचं लिहिलं. बारकावे होते, शेवट नव्हता. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस लिहिला. शेवट होता, पण तो दर वर्षीच येत होता. तीन पानं चुरगळल्यावर हाताला ताई लागली.

बाईंची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात पडदे आणि गणवेश शिवते. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. घरात ती आणि तिची लेक. ही लेक, म्हणजे बाईंची भाची, यंदाच याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेली. बाईंनी लिहिलं ते थोडक्यात असं:

'मी अकरा वर्षांची होते. ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. बाबा आजारी पडले आणि घरात एकीचंच शिक्षण होईल असं ठरलं. संध्याकाळी ताईनं आपली सगळी पुस्तकं एका जुन्या चादरीत बांधली, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि हसली. म्हणाली, तू वाच, मी ऐकेन.'

शेवट इतका आयता चालत आला की बाईंना स्वतःचाच हेवा वाटला. त्या संध्याकाळी महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी जेवण न करपवता केलं.

प्रमुखांनी पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दहापैकी दहा."

"साडेनऊ," अर्जसर म्हणाले. "तारीख नाही."

आता विद्यापीठाचा आणखी एक नियम. नवा अभ्यासक्रम पाठवण्याआधी एका तुकडीवर दोन आठवडे चालवून बघायचा. पहिल्या वर्षाची पहिली तुकडी ठरली, चौसष्ट मुलं. भाची त्याच तुकडीत. बाईंनी वर्गात सांगितलं, घरातली एक गोष्ट लिहा, जसं झालं तसं. त्याच दुपारी प्रमुखांनी उत्साहाच्या भरात नमुना उत्तर गुणांच्या विभागणीसकट, वर 'दहापैकी दहा' असा शेरा मारून, वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. मुलांना काय अपेक्षित आहे ते नको का कळायला? बाईंना हे कळलं ते पानं हातात आल्यावर.

चौसष्टातल्या एकावन्न घरांत वडील आजारी पडले होते. एकावन्न ताया हसल्या होत्या. ज्यांना ताई नव्हती त्यांनी चुलतताई आणली होती. एकानं प्रामाणिकपणे ताईच्या जागी काका घातला, पण बाकीचं बदलायचं राहिलं. त्यामुळे मिशीवाला काका चादरीचं गाठोडं पुतण्याच्या मांडीवर ठेवून 'तू वाच, मी ऐकेन' म्हणाला आणि गोड हसला. स्वतःच थोरली असलेली एक मुलगी तर लिहून गेली होती, 'माझ्यापेक्षा मोठी असती तर तीही हसलीच असती.'

"बघा!" अर्जसर खूश होऊन म्हणाले. "अपेक्षित उत्तर आलं. पहिल्याच आठवड्यात. माझ्या अर्जाला तीन आठवडे लागतात."

बाई पानांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या. कितीही राग आला तरी गुण त्यांच्याच विभागणीनं द्यायचे होते, आणि त्या विभागणीनं काकालाही आठ पडत होते. बारा पानं वेगळी निघाली. एकात शेजारच्यांचा पंखा होता, एकात आजोबांचे दात. त्यांना शेवट नव्हते. सहा, साडेसहा. भाचीचं पान गठ्ठ्यात नव्हतंच.

बुधवारी ताईचा निरोप आला: ये. एवढाच.

ताई दुकानातल्या लांब टेबलाशी उभी राहून पडद्याचं कापड मोजत होती. हल्ली टेप डोळ्यांजवळ नेऊन आकडे वाचायची. डॉक्टरांनी बारीक काम कमी करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून तिनं डॉक्टर कमी केले होते.

"बस," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे, उभीच राहा. तशीही तू बसत नाहीसच."

"काय झालं गं?"

ताईनं खणातून घडी घातलेलं पान काढलं. ग्रुपवरचं, छापून घेतलेलं. "हे तुझं?"

"हो. तुला दाखवणारच होते."

"कधी? दुसरी आवृत्ती निघाल्यावर?"

"ताई, नाव कुठे घातलंय तुझं? वाईट लिहिलंय का?"

"वाईट? छान लिहिलंयस. वाचून मलाच कौतुक वाटलं. म्हटलं, कोण ही बाई, एकदा भेटायला हवं." ताईनं कात्री टेबलावर ठेवली. "धाकटे, मी हसले नव्हते."

"पुस्तकं मी दिली नाहीत तुला. माळ्यावरच्या पिंपात टाकून झाकण लावलं. आईनं काढून दिली. आणि त्याच्या आधी बाबांच्या खाटेशी उभी राहून जे बोलले, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. म्हटलं, हिची बुद्धी अजून कुणी बघितलीय? माझी दिसतेय ना तुम्हाला? मग माझं का थांबवता? बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. नंतर वर्षभर मी तुझ्याशी बोलत नव्हते. काही हवं असलं तर म्हणायचे, आई, हिला सांग."

"मला खरंच आठवत नाही गं."

"कसं आठवेल? तुला पुस्तकं मिळाली होती."

हे ती चिडून म्हणाली नाही. कापडाची किनार बोटानं सरळ करत म्हणाली, आणि म्हणून बाईंना टेबलाच्या या बाजूला उभं राहणं अवघड झालं.

"बरं, ते जुनं गेलं," ताई पुढे म्हणाली. "आत्ताचं ऐक. तुझी भाची कॉलेज सोडतेय. म्हणते, तुझे डोळे गेले, आता मशीनवर मी बसते. मी म्हटलं, बसून दाखव, तंगडं मोडते. तर तुझा हा कागद माझ्या तोंडासमोर धरते. म्हणते, तूही सोडलंसच ना, आणि हसत सोडलंस. मग मी सोडलं तर तुझं काय जातं? मी सांगितलं, मी हसले नव्हते. तर म्हणते, आता मला थांबवायला खोटं बोलतेस. मावशीनं लिहिलंय, सरांनी दहापैकी दहा दिलेत."

"मी समजावते तिला."

"तोंडानं नको. तोंडानं मीही समजावलं. तिला छापलेलं खरं वाटतं, तुमच्याच शाळा-कॉलेजांनी शिकवलंय ते. हे पान बदल. जसं झालं तसं लिही आणि जिथे हे लागलंय तिथे ते लाव. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे." मग कात्री परत उचलत म्हणाली, "शेवटाला दोनच गुण ठेवलेत गं तुम्ही? माझं सगळं आयुष्य तिथून पुढे गेलं."

फाइल शुक्रवारी पाच वाजता विद्यापीठाच्या माणसाच्या हाती द्यायची होती. गुरुवारी बाईंनी खरं पान लिहिलं. लिहायला फार वेळ लागला नाही, आवरायला लागला. पिंप आलं, भिंतीकडे केलेलं तोंड आलं, 'आई, हिला सांग' आलं. 'वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही' इथे पान थांबलं. पुढे काय लिहायचं म्हणून बाई खोलीत तेवीस पावलं गेल्या आणि तेवीस पावलं आल्या. पुढे काही नव्हतं. पुढे एके दिवशी ताई बोलायला लागली होती, कारण घरातलं मीठ संपलं होतं आणि आई बाहेर गेली होती. त्यांनी स्वतःच्याच विभागणीनं पानाला गुण दिले. सहा.

शुक्रवारी साडेतीनला हे पान घेऊन त्या प्रमुखांकडे गेल्या. अर्जसर तिथेच होते. दोघांनी वाचलं.

"यातून मुलांनी घ्यायचं काय?" अर्जसर म्हणाले. "थोरल्यानं धाकट्याशी बोलू नये?"

प्रमुखांनी विचारलं, "हे असंच झालं होतं?"

"हो सर."

"मग आधीचं?"

"आधीचं... मला तसं आठवत होतं."

प्रमुख वाईट माणूस नव्हते. वाईट माणसानं काम सोपं केलं असतं. सरळ नाही म्हटलं असतं. ते म्हणाले, "बाई, दोन्ही पानं तुमचीच. कुठलंही लावा, मी सही करतो. फक्त एवढं बघा, चाचणी त्या पानावर झालीय. चाचणीचा अहवाल, मुलांची उत्तरं, सगळं त्याचंच. पान बदललं तर चाचणी परत घ्यावी लागेल. म्हणजे फाइल पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी ही जागा असेलच, असं मला कुणी लिहून दिलेलं नाही." एवढं बोलून ते कप विसळायला निघून गेले. त्यांना कप विसळताना विभागात आधी कुणी पाहिलं नव्हतं.

अर्जसर घोटाळले. मग हळूच म्हणाले, "अर्ज आधी द्यावा, दुरुस्ती मागून कळवावी. सगळे तसंच करतात." आपल्या परीनं तो माणूस मदत करत होता.

पावणेपाचला विद्यापीठाचा माणूस आला आणि खुर्चीच्या काठावर बसला. बाई व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. दोन्ही पानं हातात. तिसऱ्या फेरीला त्या माणसानं घड्याळाकडे बघून विचारलं, "मॅडम, बांधू का?"

"थांबा, एक पान राहिलंय," बाई म्हणाल्या, आणि आधीचं लावलं.

रस्त्यानं जाताना त्यांनी स्वतःला तीन गोष्टी सांगितल्या. एक, पुढच्या वर्षी कायम झाल्यावर हे पान बदलता येईल. दोन, भाचीला आत्ताच्या आत्ता जाऊन सगळं खरं सांगायचं. तीन, ताईला कळेल. तिन्ही गोष्टी इतक्या रास्त होत्या की बाई दोनदा चुकीच्या गल्लीत वळल्या.

दुकानात भाची मशीनवर बसली होती. गणवेशाच्या बाह्यांचा ढीग एका बाजूला, शिवलेल्या बाह्या दुसऱ्या. शिवण थोडी वाकडी जात होती, पण हात थांबत नव्हता. बाईंनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. पिंप, भिंत, वर्षभराचा अबोला, सगळं सांगितलं. टाचणाशिवाय इतकं सलग त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

भाचीनं पायपट्टीवरचा पाय काढला. "मावशी, हे खरं?"

"अगदी खरं."

"मग कागद बदललास?"

बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पुढच्या वर्षी बदलणार आहे."

"म्हणजे आज काय लावलंस?"

"आधीचंच. अगं, चाचणी त्याच्यावर झाली होती, आणि फाइल..."

"मग मी कुठलं धरू?" भाची म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "तू सही-शिक्क्यानं पाठवलंयस ते, की दारात उभी राहून सांगतेयस ते?"

याचं नमुना उत्तर कुठल्याच फाइलला जोडलेलं नव्हतं. भाचीनं पुढची बाही सुईखाली घेतली.

ताई आतून हात पुसत आली. तिनं बरंचसं ऐकलं होतं. ती रागावेल म्हणून बाई तयारीत होत्या. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कायम होशील ना आता?" ताईनं विचारलं.

"होईन बहुतेक."

"चांगलं झालं." ताईनं लेकीच्या हातातली बाही घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाकडी शिवण बघितली, आणि उसवायला घेतली. "म्हणजे या वेळीही एकीचंच."

अभ्यासक्रम मंजूर झाला. टाचणबाई कायम झाल्या. त्यांना मिळायचं होतं ते सगळं मिळालं, बसण्याची सवय मात्र परत आली नाही, हे बोनसमध्ये धरावं की तुटीत, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दुरुस्तीची दोन पत्रं त्यांनी पुढे खरंच पाठवली. 'आपले पत्र मिळाले' असं उत्तरही दोन्ही वेळा आलं. प्रमुखांची सही एका टिकाऊ कागदावर बसली. त्यांचा खर्च एक कप विसळण्याचा. अर्जसरांचे दोन आठवडे सहीसलामत राहिले. दर वर्षी अडीचशे मुलं आपल्या ताईला हसवतात आणि आठ गुण घेऊन पुढे जातात. त्यांचं काय जातं ते त्यांना कळायला अजून वेळ आहे. भाचीचं नाव हजेरीपटावर चौथ्या आठवड्यापर्यंत आहे.

भरणा केला तो ताईनं, दोन वेळा: एकदा स्वतःच्या शिक्षणानं, एकदा मुलीच्या.